खाली ठेवलेला चाकू

नवरात्राच्या चौथ्या माळेला ऊन पडलं. तसं आधीही दोनदा पडलं होतं, पण ते खोटं होतं. अंगणात गोधडी पसरेपर्यंत तिकोणा किल्ल्याच्या मागून ढग आला आणि गोधडी गोळा करून आत पळावं लागलं. हे ऊन खरं. धरणाचं गढूळ पाणी निळं दिसायला लागलं की ऊन खरं, असं आम्ही समजतो. किल्ल्याच्या उतारावर सोनकी पिवळी झाली आहे. भात निसवलं आहे; सकाळी बांधावर उभं राहिलं की चिकातल्या लोंब्यांचा गोडसर ओला वास नाकात बसतो. आणि सगळ्या तिकोणा पेठेनं आपापलं घर दारात आणून मांडलं आहे.

चार महिने पावसात काढल्याशिवाय ह्या उन्हाची किंमत कळत नाही. भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. चपलेवर हिरवी लव उगवते. मीठ पाघळतं, काडेपेटी पेटत नाही, उडदाला जाळी धरते. मग हे ऊन आलं की सगळं बाहेर येतं. गोधड्या, डाळी, पापडाचे डबे, देवाची वस्त्रं, म्हातारी माणसं. हौसा मलाही ह्याच ओळीत बसवायची. "हितं बसा जरा. तुमालाबी बुरशी आलीया," म्हणायची.

हौसा माझी बायको. माघात गेली. छातीत पाणी झालं होतं. आठ दिवस दवाखान्यात काढले, नवव्या दिवशी गेली. त्यावर जास्त लिहीत नाही. ह्या वर्षी गोधड्या मी टाकल्या, तर कुडापलीकडून मंदा म्हणाली, "आबा, उलट्या टाकल्या तुमी. अस्तर वर पायजे." मंदा म्हणजे शेजारच्या संतोषची बायको. तिचं बरोबर होतं. मी आयुष्यात गोधडी वाळत टाकली नव्हती. ह्या उन्हात मी माझा डबा तेवढा बाहेर काढायचो.

डबा बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावर घोड्यांचं चित्र. त्यात माझे चाकू. घडीचे, खिशात मावणारे, सोळा नग. हाडाच्या मुठीचे, पितळी टोपीचे, एक शिंपल्यासारखा चमकणारा, एकाच्या पोटात कात्री आणि बूच काढायचा पीळ. ह्यातल्या एकानंही आजवर साधं लिंबू चिरलेलं नाही. पूर्वी हे मी मोठेपणानं सांगायचो. आता नुसतं सांगतो.

लोणावळ्याला तुंगार्लीच्या अंगाला एका बंगल्यावर मी बत्तीस वर्षं माळी होतो. सुट्टी मंगळवारची. सोमवारी संध्याकाळी घरी यायचो, बुधवारी पहाटे परत. बंगल्याचे मोठे साहेब चाकू जमवायचे. दिवाणखान्यात काचेचं कपाट होतं आणि आत निळ्या मखमलीवर ते ओळीनं निजलेले असायचे. दर रविवारी साहेब त्यांना बाहेर काढायचे, कापसानं पुसायचे, बिजागरीत तेलाचा थेंब सोडायचे, एकदा उघडून मिटायचे आणि पुन्हा जागेवर. मी खिडकीबाहेर कुंड्यांना पाणी घालत बघायचो. एकदा न राहवून विचारलं, "साहेब, हे कापतात का?"

"कापायला स्वयंपाकघरात सुऱ्या आहेत," साहेब म्हणाले. "हे बघायला."

बघायला. त्या दिवशी कुंडीतून पाणी वाहून माझ्या पायावर आलं तरी मला कळलं नाही. माझ्या घरात बघायला म्हणून ठेवलेली एकही वस्तू नव्हती. सगळं राबत होतं. खुरपं, कोयता, घमेलं, बैल, हौसा, मी. जे राबत नाही ते आमच्यात मोडकं तरी असतं नाहीतर मेलेलं. आणि हितं धडधाकट पोलाद मखमलीवर झोपलंय आणि मालक स्वतः त्याची पाठ पुसतोय. एका दिवाळीला साहेबांनी त्यातला एक मला दिला. म्हणाले, ठेव, वापरू नको. मंगळवारी तो खिशात घालून घरी आलो तेव्हा वाटलं, आपण एक पायरी चढलो. पोटापाण्याला ज्याचा काडीचा उपयोग नाही असं काहीतरी आता आपल्याकडं आहे.

पुढं नाद लागला. बंगल्यावर उतरणारे पाहुणे हिरवळीवर बसून फळं कापायचे आणि चाकू गवतात विसरून जायचे. काही मी बाजारात घेतले. मंगळवारी अंगणात पोतं पसरायचं, चाकू मांडायचे, पुसायचे. खट उघडायचा, खट मिटायचा. तो आवाज झाला की आठवडाभर कोण काय बोललं ते अंगावरून उतरून जायचं. खरं सांगायचं तर नादाची गोडी चाकूत नसते. झाकण उघडायच्या आधी बोटं पत्र्याच्या कडेला लागतात ना, तिथंच ती असते. एकदा उघडलं की सोळाच्या सोळा तसेच पडलेले असतात. कुणी वाढलेलं नसतं, कुणी सुकलेलं नसतं.

हौसा चुलीपुढून विचारायची, "झाली का पोरांची आंघोळ?"

आम्हाला मूल झालं नाही. ती हे हसत विचारायची. मीही हसायचो. दोघांत कोण खरं हसत होतं ते मला माहीत नाही.

तिचा चाकू एकच. लग्नाच्या पहिल्या वर्षी कामशेतच्या बाजारात घिसाड्याकडून घेतलेला. घडीचाच, पण साधं लोखंड, शिसवी मूठ, एक खिळा. तो तिच्या कनवटीला असायचा. रानातली भाजी खुडायला तोच, पेंढ्यांच्या मोळीची दोरी कापायला तोच. कांदा, पेरू, आंब्याची कोय, पायाची नखं, औषधाच्या पुडीचं तोंड, शेळीच्या कानातली गोचीड. संतोष जन्मला तेव्हा पवनेला पूर होता आणि गाडी कुठूनच येणार नव्हती, तेव्हा तिनं हाच चाकू चुलीवर लाल केला, गार होऊ दिला आणि त्याची नाळ कापली. दुसऱ्या दिवशी त्याच चाकूनं मला काकडी चिरून दिली. मी तोंड वाकडं केलं. "धुतलाय," म्हणाली. "पोरगं काय घाण असतं व्हय?"

दर चार दिवसांनी ती उंबऱ्याच्या दगडावर त्याला धार लावायची. थुंकी टाकून, गोल गोल. दगडावर काळं पाणी उतरायचं. ते लोखंडच असतं, झिजून उतरलेलं. असं करत करत पातं इतकं अरुंद झालं की भाताच्या पातीसारखं दिसायला लागलं. मी म्हणायचो, अगं संपवशील तू त्याला. ती म्हणायची, "मग काय माज्यामागं ठेवायचाय?"

माझ्या टाचेत एकदा बाभळीचा काटा मोडला होता. तिनं माझा पाय मांडीवर घेतला आणि चाकूचं टोक आत घातलं. मी दात आवळून वर आढ्याकडं बघत होतो. तिचा श्वास तळव्याला लागत होता. काटा निघाल्यावर तिनं तो बोटावर घेऊन मला दाखवला आणि हसली. डब्यातल्या कुठल्या चाकूची अशी आठवण माझ्याकडं नाही. कुठून आणला, मूठ कशाची, एवढंच सांगता येतं.

आमच्यात चाकू हातात देत नाहीत. मिरची, मीठ आणि चाकू. हातात दिलं की वैर येतं. लग्न नवं होतं तेव्हा मी तिला चाकू पुढं केला, तर तिनं हात मागं घेतला. "खाली ठेवा," म्हणाली. "मी उचलते." तेव्हापासून तसंच. तिला हवा असला की मी खाली ठेवायचा, मूठ तिच्याकडं करून, आणि हात मागं घ्यायचा. मग ती उचलायची. मला हवा असला की तिनं ठेवायचा. मी घरी असलो की दिवसातून चार-पाच वेळा तरी. आता आठवतं तेव्हा वाटतं, हात लागू नये म्हणून इतकं सांभाळून आम्ही काहीतरी ठेवत आणि उचलत होतो, आणि तेच आमचं बोलणं होतं.

खंडेनवमीला घरोघरी हत्यारं पुजतात. कोयता, कुदळ, विळी, खुरपं धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. मी माझे सोळा मांडायचो. पाट भरून जायचा, तिच्या विळीला जागा उरायची नाही. हौसा तिच्या चाकूला कुंकवाचं बोट लावायची आणि लगेच कनवटीला खोचायची.

मी ओरडायचो, "आज चालवायचं न्हाई त्याला."

"मग जेवायचं काय? देवाला उपाशी ठेवू?"

"सगळी हत्यारं आज सुट्टीवर असतात."

"सुट्टी कामकऱ्याला," ती म्हणायची. "तुमचे हे सोळा जावई कवा कामाला गेले, तवा मागत्यात सुट्टी? एक तरी मागं राहायला नको, सैपाकाला?"

दर वर्षी हेच भांडण. दर वर्षी तीच जिंकायची, कारण जेवण तिच्या हातात असायचं.

आता एक गोष्ट लिहायची आहे. ती आजवर कुणाला सांगितलेली नाही. डब्यात हिरव्या मुठीचा एक चाकू आहे. मूठ जाड, गोल, हातात भरते. एका पाहुण्यांचा होता. ते गेल्यावर दोन दिवसांनी त्यांचा बंगल्यावर फोन आला, वडिलांचा चाकू होता, हिरवळीवर राहिलाय का बघा. मोठ्या साहेबांनी मला विचारलं. चाकू तेव्हा माझ्या खिशात होता. मी म्हणालो, बघतो. तासाभरानं जाऊन म्हणालो, सापडला नाही. साहेबांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. जमवणाऱ्याला जमवणारा ओळखतो.

तो चाकू मी सगळ्यांत तळाशी ठेवायचो. सगळ्यांत जास्त पुसायचोही तोच. लोकांना वाटायचं, माझा जीव त्यावर आहे. जीव नव्हता. तो बाहेर निघाला, कुणाच्या हातात दिसला, तर कुणीतरी विचारील कुठला म्हणून, ही धास्ती होती. लपवलेली वस्तू आणि जपलेली वस्तू बाहेरून सारखीच दिसते. मलाही त्यांतला फरक कळायचा बंद झाला होता.

गेल्या वर्षी ह्याच दिवसांत, असंच ऊन पडलं होतं, हौसा पाट्यापाशी बसली होती आणि तिच्या बोटांत चाकू राहत नव्हता. सांधे सुजले होते. पाऊस गेला तरी सूज गेली नव्हती. मी डबा उघडून बसलो होतो. ती सरकत सरकत आली, डब्यात बघितलं आणि म्हणाली, "तो हिरवा द्या मला. मूठ जाड हाय. बोटं मिटत न्हाईत माजी."

इतक्या वर्षांत तिनं डब्यातलं पहिल्यांदा काही मागितलं.

मी म्हणालो, "तो वापरायचा न्हाई. तुला जाड मुठीचा दुसरा आणतो बाजारातनं."

"कवा?"

"येत्या बाजाराला."

ती उठली नाही. सुजलेली बोटं एकदा मिटून बघितली. मग म्हणाली, "बरं."

बाजार येत राहिले. एकदा भाताची कापणी होती. एकदा मी विसरलो. एकदा आठवलं होतं पण चालायचा कंटाळा आला. दिवाळीच्या आसपास बघतो तर तिनं जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडून आपल्या चाकूच्या मुठीला, मिटलेलं पातं पोचत नाही त्या बुडाशी, गुंडाळली होती. घट्ट, एकावर एक वेढे, शेवटचं टोक आत खोचलेलं. मूठ जाड झाली होती. तिनं मला दाखवलं नाही, टोमणाही मारला नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ती त्या चिंध्यांच्या मुठीनं माघापर्यंत कांदे चिरत राहिली.

ती गेल्यावर दहावं, तेरावं झालं. पाहुणे पांगले. मी तिचा चाकू धुतला. मला त्याचा मान करायचा होता. मोठ्या साहेबांनी दिलेल्या चाकूचं चामड्याचं म्यान होतं, डब्यातली सगळ्यांत भारी वस्तू. ते काढून मी हौसाचा चाकू त्यात घातला, वरून फडकं बांधलं आणि डब्यात सगळ्यांच्या वर ठेवला. बाकीच्या सोळांना सवयीनं तेल लावलं. तिच्या चाकूला लावलं नाही. चिंधीला तेल लागलं तर तिच्या हाताचा वास जाईल असं वाटलं. झाकण लावलं. मग चार महिने पाऊस.

चौथ्या माळेला डबा उघडला. सोळाच्या सोळा चकचकीत. वरचं फडकं सोडलं तर म्यानावर हिरवी लव. चाकू ओढला तर निघेना. निघाला तेव्हा हाताला लाल भुगा लागला. चामडं पाणी धरतं, चिंधी पाणी धरते, हे बत्तीस वर्षं माळीकाम केलेल्या मला कळायला हवं होतं. पातं मुठीत गंजून बसलेलं, नखानं उघडेना. चाळीसच्या वर पावसाळे तो चाकू तिच्या ओल्या कनवटीला होता, चिखलात, शेणात, आंबट कैरीत. त्याला कधी डाग पडला नाही, कारण रोज तो कशाला तरी लागत होता आणि रोज पदराला पुसला जात होता. मी एक पावसाळा जपला आणि घालवला.

तेल बिजागरीत सोडायचं तर ते चिंधीत उतरणार, म्हणजे आधी चिंधी सोडावी लागणार. ते वेढे तिनं घातलेले. मला ते सोडवेनात. चाकू गोधडीशेजारी उन्हात ठेवायचा, संध्याकाळी आत घ्यायचा, असे पाच दिवस गेले. बंगल्यावर असताना आठवड्यातले सहा दिवस ती ह्या घरात एकटी असायची. बत्तीस वर्षांत कशी राहतेस म्हणून मी एकदाही विचारलं नाही. आता आठवड्याचे सातही दिवस माझे आहेत आणि मला ते विचारायचंय.

खंडेनवमीला सकाळी मंदा कुडातून आली. "आबा, चाकू द्या एखादा. आमची विळी, सुरी, समदं पाटावर बसलंय. सासूबाई हात लावू देत न्हाईत. भाजी कशानं चिरू, दातानं? हौसामावशी असती तर मागं ठिवला असता एक."

मग तिची नजर गोधडीशेजारी गेली. तिनं तो उचलून उघडायला बघितला. "ह्यो मावशीचा न्हवं? आमच्या ह्यांची नाळ ह्यानंच कापली म्हणत्यात." दोनदा नख लावलं. "गंजवलाव व्हय आबा?"

मी म्हणालो, "व्हय. मीच गंजवला."

तिनं चाकू होता तिथं अलगद ठेवला. मी आत गेलो, डबा उलटा केला आणि तळाचा हिरव्या मुठीचा काढला. बाहेर आणून उघडला. मंदानं हात पुढं केला. मी खाली ठेवला, मूठ तिच्याकडं करून.

"द्या की हातात."

"न्हाई. तू उचल."

तिनं उचलला, मुठीवर बोटं मिटली. "लय झ्याक हाय. कुटला?"

इतकी वर्षं ज्याची धास्ती होती ते विचारणं हे. "दुसऱ्याचा हाय," मी म्हणालो. "मी खोटं बोलून ठिवला. त्यांचं नाव आता म्हायती न्हाई, कुटं असतील तेबी न्हाई."

मंदानं चाकू उलटापालटा केला. "मग भाजी चिरून आणून देते."

"आणू नको. वापर. दगडावर धार लाव, कांदा चिर, झिजू दे."

तिनं तो पदराला पुसून बघितला, जसा हौसा पुसायची, आणि गेली. जाताना ओट्यावर एक काकडी ठेवून गेली, त्यांच्या मांडवावरची, गावठी, बुडाशी पिवळी.

मी हौसाचा चाकू मांडीवर घेतला. आज हत्यार चालवायचं नसतं. पण हा कधी पाटावर बसलाच नव्हता. चिंधीचं खोचलेलं टोक सोडलं आणि वेढे उलगडले. सात निघाले. आत शिसव काळं पडलं होतं आणि एका बाजूला तिच्या अंगठ्याची खाच होती. माझा अंगठा त्यात बसला नाही, मोठा पडला. बिजागरीत तेल सोडलं, उन्हात धरलं, हळूहळू हलवलं. करकर वाजत पातं बाहेर आलं. मग उंबऱ्याच्या दगडावर घासलं. काळ्या पाण्याच्या जागी आधी लाल पाणी उतरलं. तिच्या हातचं काही त्यातून वाहून चाललंय हे मला दिसत होतं. मी घासत राहिलो. चिंधी पुन्हा गुंडाळली. तिचे वेढे उजवीकडं जायचे, माझे डावीकडं गेले. सैलही झाले.

काकडीचं टोक कापलं आणि तेच टोक कापलेल्या जागी चोळलं, कडवटपणा निघायला. पातं अजून अडखळतं, पण कापतं. दोन फोडी केल्या. सवयीनंच झाल्या. पहिली फोड खाऊन बघायचं काम तिचं असायचं, कडू निघाली तर मला द्यायची नाही. एक फोड पुढं ठेवली. चाकू खाली ठेवला, मूठ पलीकडं करून, आणि हात मागं घेतला.

ऊन गोधड्यांवरून सरकत माझ्या पायांपर्यंत आलं. चाकू तिथंच होता. शेवटी मीच उचलला, सदऱ्याला पुसला, मिटला आणि खिशात घातला. पुढं ठेवलेली फोडही मीच खाल्ली. कडू नव्हती.